संशोधन प्रकल्पातली पहिली नोकरी: विज्ञान, इमेजिंग आणि क्लिनिकल रिसर्चमध्ये शिरू पाहणाऱ्यांसाठी

विद्यापीठात ‘जागा निघाली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण कायम पद आणि प्रकल्पातली जागा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. सहायक प्राध्यापकाचं कायम पद निघायला शासनाची मान्यता, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची क्रमवारी), निवड समिती असं सगळं जुळावं लागतं. ते जुळेपर्यंत नेट-सेट झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षं काढतात. प्रकल्पातली जागा मात्र एखाद्या प्राध्यापकाला किंवा डॉक्टरला अनुदान मंजूर झालं की निघते. तिची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात दोन-तीन आठवडे असते आणि मग दिसेनाशी होते.

हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या जागांबद्दल आहे. एमएससी, बीफार्म, बीएएमएस, बीडीएस, रेडिओग्राफीची बीपीएमटी किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्याला संशोधनात शिरायला बहुतेकदा हेच दार असतं. माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगते. अर्ज करताना पदाच्या नावाला भुलू नका. पैसा कोणाचा आहे आणि कधीपर्यंतचा आहे, हे पाहा. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावरून ठरतात.

जाहिरात तळापासून वर वाचा

वरच्या ओळीत ठळक अक्षरांत पद असतं: जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो), प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट, रिसर्च कोऑर्डिनेटर. आधी खाली जा. प्रकल्पाचं शीर्षक, अनुदान देणारी संस्था, प्रमुख अन्वेषकाचं नाव (सगळे ‘पीआय’च म्हणतात) आणि मुदत शोधा. ‘को-टर्मिनस’ असा शब्द जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतो. प्रकल्प संपला की नोकरी संपली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. प्रकल्प तीन वर्षांचा असला, तरी तुमची नेमणूक साधारणपणे सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते आणि पुढे वाढवली जाते. म्हणून विचारायचा प्रश्न असा: प्रकल्पाची किती मुदत शिल्लक आहे? दोन वर्षं उलटलेल्या प्रकल्पात जेआरएफ म्हणून शिरलात तर पीएचडीची नोंदणी होईपर्यंत अनुदान आटलेलं असेल. तेच जर अनुभवासाठी वर्षभराचं काम हवं असेल, तर तीच जागा उत्तम.

आता पैसा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि पुढे मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००. त्यावर केंद्राच्या दराने घरभाडे भत्ता. मुंबई आणि पुणे या भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत ‘एक्स’ वर्गात मोडतात, तिथे ३० टक्के धरले तर ३७,००० वर आणखी ११,१०० होतात. जाहिरातीत ‘कन्सॉलिडेटेड’ किंवा ‘एकत्रित मानधन’ लिहिलं असेल तर घरभाडं त्यातच आलं असं समजा. मुंबईत खोली भाड्याने घेणाऱ्याला हा एक शब्द महिन्याला काही हजारांना पडतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रकल्पांत पदांची नावं वेगळी असतात. प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ ला २८,००० आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१ ला ५६,०००, तोच डॉक्टर असेल तर ६७,०००, घरभाडं वेगळं. औषध कंपनीच्या चाचणीतून पगार निघत असेल तर असं ठरलेलं कोष्टक नसतं. तिथे घासाघीस चालते आणि ती करायला लाजू नये.

पात्रतेच्या ओळीत ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ असे दोन भाग असतात. आवश्यक भागातली एक जरी अट पुरी होत नसेल तर अर्ज छाननीतच जातो. पीआयची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. इष्ट भागातल्या निम्म्याच गोष्टी तुमच्याकडे असल्या तरी बेधडक अर्ज करा. महाराष्ट्रातल्या मुलांची एक गफलत नेहमी होते. जेआरएफसाठी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा मागतात, म्हणजे नेट (लेक्चररशिपवाली चालते) किंवा गेट. सेट ही राज्याची परीक्षा. ती महाविद्यालयात शिकवायला चालते, पण या जागेसाठी सहसा धरत नाहीत. नेट-गेट काहीच नसेल तर जेआरएफच्या मागे न लागता प्रोजेक्ट असोसिएट किंवा असिस्टंटच्या जागा पाहा. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर २०२० पासून गेटमध्ये आहे आणि इमेजिंगच्या प्रयोगशाळांत तो कामी येतो.

जाहिरात शोधायची कुठे

नोकरीच्या मोठ्या संकेतस्थळांवर या जागा उशिरा येतात किंवा येतच नाहीत. संस्थांची स्वतःची पानं दर सोमवारी उघडायची सवय लावा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, परळचीच प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था, केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, पवईची आयआयटी. आयआयटीच्या प्रकल्पांच्या जागा तिथल्या आयआरसीसी या कार्यालयाच्या पानावर येतात, मुख्य पानावर शोधत बसू नका. पुण्यात विषाणू संस्था, भोसरीची पूर्वीची ‘नारी’ (एड्स संशोधन संस्था), एनसीसीएस (पेशीविज्ञान), एनसीएल (रसायनशास्त्र), आयसर, आघारकर, शिवाय बी. जे. मेडिकल कॉलेजमधलं जॉन्स हॉपकिन्ससोबतचं क्लिनिकल रिसर्च केंद्र आणि केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र, ज्याचं वढूला ग्रामीण क्षेत्रकाम आहे. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था. सावित्रीबाई फुले किंवा मुंबई विद्यापीठात मात्र जाहिरात कधी भरतीच्या पानावर, तर कधी नुसती विभागाच्या पानावर असते. दोन्ही बघा.

क्लिनिकल रिसर्चमध्ये शिरायचं असेल तर आणखी एक जागा आहे आणि नवखे तिच्याकडे फारसे वळत नाहीत: सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही. ती २० जुलै २००७ ला सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी चाचणीची तिथे नोंदणी सक्तीची केली. ती कोणालाही फुकट वाचता येते. प्रत्येक नोंदीत चाचणी कशाची, प्रायोजक कोण, कुठल्या शहरातल्या कुठल्या रुग्णालयात होणार, तिथला अन्वेषक कोण, नैतिकता समितीची मंजुरी आली का आणि रुग्णभरती कुठल्या टप्प्यावर आहे, हे लिहिलेलं असतं. तुमच्या शहराचं नाव आणि ‘रुग्णभरती अजून सुरू नाही’ ही स्थिती एकत्र दिसली की समजा, त्या डॉक्टरांना लवकरच कोऑर्डिनेटर लागणार आहे. अजून जाहिरात निघालेली नसते. अशा वेळी नोंदणी क्रमांकाचा उल्लेख करून पाठवलेला एक नेमका मेल ढीगभर ‘रिस्पेक्टेड सर’वाल्या मेलांपेक्षा भारी ठरतो.

खोट्या जाहिरातींचा सुळसुळाटही आहे. सरकारी संस्थांची संकेतस्थळं साधारणपणे डॉट एसी डॉट इन, डॉट आरईएस डॉट इन किंवा डॉट जीओव्ही डॉट इनवर संपतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ संस्थेच्या पानावर सापडली नाही तर ती सोडून द्या. कायम पदांना अर्जाची फी असू शकते, ती संस्थेच्या खात्यात जाते. मुलाखतीआधी कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर ‘पडताळणी शुल्क’ मागितलं तर तिथेच थांबा.

क्लिनिकल रिसर्च: कामाचं स्वरूप आधी समजून घ्या

रुग्णालयात बसून काम करणारा कोऑर्डिनेटर वेगळा आणि कंपनीच्या वतीने रुग्णालयांना भेटी देऊन कागद तपासणारा मॉनिटर वेगळा. नवख्याला पहिली नोकरी मिळते ती बहुधा कोऑर्डिनेटरची. ओपीडीत योग्य रुग्ण हेरणं, संमतीच्या वेळी डॉक्टरांसोबत असणं, भेटींच्या तारखा सांभाळणं, रक्ताचे नमुने वेळेत पाठवणं आणि या सगळ्याची नोंद करणं, हे त्याचं काम. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, हा या क्षेत्राचा कायदा समजा.

सध्या देशात न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ लागू आहेत. मुलाखतीआधी ते निदान चाळा. दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात. पहिली: रुग्णाच्या बाबतीत गंभीर प्रतिकूल घटना घडली तर अन्वेषकाने ती २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि नैतिकता समितीला कळवायची असते आणि सविस्तर अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. दुसरी संमतीबद्दलची. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार सगळा वेळ हजर लागतो, अंगठा घ्यायचा, साक्षीदाराने सही करायची. दुर्बल गटातल्या व्यक्तींवर नव्या रासायनिक द्रव्याची चाचणी असेल तर संमतीची दृकश्राव्य नोंदही ठेवावी लागते. ‘निरक्षर रुग्णाची संमती कशी घ्याल?’ हा प्रश्न या जागेच्या मुलाखतीत हमखास येतो.

इथे मराठी ही तुमची जमेची बाजू आहे, ती अर्जात स्पष्ट लिहा. सोलापूरहून आलेल्या आजींना ‘प्लासिबो’ (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी) म्हणजे काय हे त्यांच्या भाषेत समजावता येणं, ‘बाई, तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, तुमचे उपचार थांबणार नाहीत’ हे त्यांना खरं वाटेल असं सांगता येणं, हे पदवीत शिकवत नाहीत. संमतीपत्राचं मराठी भाषांतर आणि ते परत इंग्रजीत करून पडताळणं हेही काम असतं. हिंदी आणि थोडी कानडी किंवा कोकणी येत असेल तर तेही लिहा.

गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (चाचण्या नीट करण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं) प्रमाणपत्र जवळपास सगळीकडे मागतात. ते ऑनलाइन, फुकट मिळतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची आर-३ ही नवी आवृत्ती अंतिम झाली, त्यामुळे तुमचं प्रमाणपत्र कुठल्या आवृत्तीवर आहे हे माहीत असू द्या. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही फुकट उतरवून घेता येतात. लाखभर रुपये घेऊन ‘१०० टक्के प्लेसमेंट’ देणाऱ्या खासगी डिप्लोमांबद्दल माझं मत वाईट आहे. तो पैसा ठेवा आणि कमी मानधनावर का होईना, एखाद्या खऱ्या साइटवर, म्हणजे चाचणी चालते अशा रुग्णालयात, सहा महिने काम करा.

इमेजिंग: कोणत्या बाजूने शिरणार?

मेडिकल इमेजिंगच्या जागा वरवर सारख्या दिसतात, पण त्यांत तीन वाटा आहेत. मशीन चालवणारे तंत्रज्ञ, किरणोत्सर्गाची मापं आणि सुरक्षा पाहणारे मेडिकल फिजिसिस्ट, आणि प्रतिमांवर गणित-संगणकाने काम करणारे संशोधक. मेडिकल फिजिसिस्ट व्हायचं तर भौतिकशास्त्रात एमएससीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचा मान्य अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप लागते. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांना आडवाट नाही. न्यूक्लिअर मेडिसिनकडे (किरणोत्सारी द्रव्यं वापरून तपासणी आणि उपचार) ओढा असेल तर परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर पाहा. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये तिथेच बसला.

तिसऱ्या वाटेवर सध्या सगळ्यात जास्त नवखे धडकतायत आणि सगळ्यांच्या बायोडेटात एकच ओळ असते: पायथॉन, डीप लर्निंग. त्या गर्दीत वेगळं दिसायचं असेल तर एक छोटं काम स्वतः तडीस न्या. लागणाऱ्या गोष्टी मोफत आहेत. थ्रीडी स्लायसर हे प्रतिमा पाहण्या-आखण्याचं सॉफ्टवेअर घ्या आणि कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवरून एलआयडीसी-आयडीआरआय हा फुफ्फुसांच्या सीटीचा संच उतरवा. त्यात १,०१८ स्कॅन आहेत आणि प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टांनी तपासलेला आहे. मौज अशी, की तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या २,६६९ गाठी निदान एका डॉक्टरने नोंदवल्या, पण चौघांनीही तशा नोंदवलेल्या फक्त ९२८. आता यातले दहा-पंधरा स्कॅन घेऊन तुम्ही स्वतः गाठींची कड आखा आणि तुमची आखणी प्रत्येक डॉक्टरच्या आखणीशी किती जुळते ते डाइस गुणांकाने (दोन आखण्या एकमेकींवर किती बसतात याचं माप) मोजा. ‘खरं उत्तर’ ज्याला म्हणायचं तेच चौघांत चार प्रकारचं असेल तर मॉडेलची ९५ टक्के अचूकता कशाच्या तुलनेत, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आपोआप येईल. मुलाखतीत तो तुम्हीच मांडलात तर समोरचे सावरून बसतात.

डायकॉम फाइलही (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचा ठरलेला नमुना) नीट समजून घ्या. तिच्या शीर्षभागात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक सगळं असतं. रुग्णाची ओळख लपवायला ते पुसलं म्हणजे काम झालं असं नाही. अल्ट्रासाउंडच्या चित्रात नाव थेट चित्रावरच उमटलेलं असतं आणि डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. सोनोग्राफीचं आणखी एक. तिच्यात किरणोत्सर्ग नाही म्हणून ती ‘मोकळी’ आहे असं नवख्यांना वाटतं. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, जागा आणि वापर यांवर कडक बंधनं आहेत. ‘मशीन दुसऱ्या विभागात हलवू’ असं मुलाखतीत सहज बोलून जाऊ नका.

आणि एमआरआयचं चुंबक रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन चालू नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला तरुण जिवाला मुकला. एमआरआयच्या प्रकल्पात नेमणूक झाली तर सुरक्षेचं प्रशिक्षण होईपर्यंत दाराच्या आत पाऊल टाकू नका, कोणी कितीही घाई करो.

नुसत्या प्रयोगशाळेतल्या विज्ञानाच्या जागांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांची रीत एमएससी करतानाच बरीचशी कळते. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) ‘येतो’ असं लिहिलंत तर त्यात लागणारा प्रायमर कसा निवडलात हे विचारतील, एवढं ध्यानात ठेवा.

कागदांची फाइल

वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला, जाताना मूळ कागदपत्रं, स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच आणि चार फोटो. दहावीच्या प्रमाणपत्रापासून सगळं क्रमाने लावा. पदवी प्रमाणपत्र अजून हाती आलं नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. ग्रेड असतील तर टक्केवारीत बदलण्याचं विद्यापीठाचं सूत्र सोबत ठेवा. ‘५५ टक्के’ या अटीवर तिथेच वाद होतात.

आरक्षणाचा किंवा वयाच्या सवलतीचा फायदा घ्यायचा असेल तर आपल्याकडच्यांनी जरा जपून. केंद्राच्या संस्थेत ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे महाराष्ट्राचे वर्ग केंद्राच्या भरतीत वेगळे नसतात. तुमची जात केंद्राच्या यादीत कुठे आहे ते पाहून तसं प्रमाणपत्र काढा. तहसील किंवा प्रांत कार्यालयातून ते यायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघायची वाट पाहू नका.

मेलने अर्ज मागवला असेल तर विषयाच्या ओळीत जाहिरात क्रमांक आणि पद, सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव. मजकूर दहा ओळींच्या आत बसवा: पीआयच्या या प्रकल्पात काय काम आहे ते तुम्हाला कळलंय आणि त्यातलं अमुक तुम्ही आधी केलंय, एवढंच. वीस जणांना एकाच मेलमध्ये सीसी केलेलं वीसही जणांना दिसतं.

मुलाखतीच्या दिवशी

प्रवासखर्च मिळत नाही, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. नोंदणी नऊ-साडेनऊला सुरू होऊन ठरल्या वेळी बंद होते. बाहेरगावाहून येत असाल तर आदल्या रात्री पोचा. उमेदवार जास्त असले की आधी छोटी लेखी परीक्षा घेतात आणि दुपारी मुलाखत. डबा आणि पाणी बरोबर असू द्या.

समितीत पीआयखेरीज दोन-तीन जण असतात आणि त्यांतल्या एकाचा तुमच्या विषयाशी संबंध नसतो. प्रबंधात काय केलं हे त्यांना दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. प्रश्न बहुतेक वेळा तुमच्याच बायोडेटातून येतात, म्हणून न केलेलं एक तंत्रही त्यात लिहू नका. ‘माहीत नाही, पण मी असं शोधेन’ हे उत्तर चालतं. ‘पीएचडीला प्रवेश मिळाला तर सोडून जाल का?’ असं विचारतात. खरं सांगा: कधी सोडाल आणि किती आधी कळवाल. पीआयना दगदग होते ती मध्येच गायब होणाऱ्यांची.

शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतात, तेव्हा तीन प्रश्न विचारून घ्या. प्रकल्पाची मुदत किती उरली आहे, या पदावर राहून पीएचडीला नोंदणी करता येते का (हे संस्थेगणिक बदलतं) आणि शोधनिबंधात नाव कशाच्या आधारावर लागतं. या प्रश्नांनी कोणी नाराज होत असेल तर तेही बरंच झालं.

रुजू होताना

नेमणूक पत्र हातात आल्याशिवाय आधीची नोकरी सोडू नका. पत्रात मानधन, घरभाडं, रजा, नोटिशीचा काळ आणि मुदत तपासा. अनुदानाचा हप्ता उशिरा येणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तेव्हा मानधनही दोन-तीन महिने थकतं. सुरुवातीला घरभाड्याचं डिपॉझिट भरून झाल्यावर तेवढ्या दिवसांची सोय गाठीशी असेल असं बघा, किंवा संस्थेच्या वसतिगृहाची चौकशी करा.

एक्स-रे, सीटी किंवा पेटजवळ काम असेल तर पहिल्या दिवसापासून टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) मागा. बॅज तुमच्याच नावाचा हवा, ‘तोवर त्याचा वापर’ हे चालवून घेऊ नका. आपल्या देशात कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात कमाल ३० ही मर्यादा आहे. डोसचा अहवाल ठरावीक काळाने येतो, त्याची प्रत घरी ठेवा. संस्था बदलली तरी आधीचा डोस तुमच्या हिशेबात धरला जातो.

सोडताना नुसतं ‘अमुक काळ काम केलं’ असं अनुभव प्रमाणपत्र घेऊ नका. पद, प्रकल्पाचं नाव, अनुदान देणारी संस्था, रुजू आणि मुक्त झाल्याच्या तारखा आणि प्रत्यक्ष काम, हे पाचही त्यात हवं. संस्थेचा शिक्का आणि जावक क्रमांकही पाहा, कारण पुढच्या छाननीत केवळ पीआयच्या सहीचं पत्र अनेकदा अनुभव म्हणून धरत नाहीत. हे पत्र शेवटच्या महिन्यातच मागा. पीआय परदेशी गेले किंवा निवृत्त झाले की तेच पत्र काढायला सहा महिने लागतात.